तापमापीशिवाय तापमान

इलेक्ट्रॉनिक सिगारेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात जळत काहीच नसते. बॅटरीतून निघालेली विद्युतधारा बारीक तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, वाहते, तार तापते, तिला चिकटून बसवलेल्या कापसाच्या वातीत मुरलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती वाफ ओठांपर्यंत येईतो निवून सूक्ष्म थेंबांचे धुके बनते. या साऱ्या व्यवहारात निर्णायक राशी तापमान हीच असली, तरी चिनी औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली या उपकरणाचा आधुनिक अवतार घडवल्यानंतरची सुमारे दहा वर्षे तापमान ना पडद्यावर दिसत होते, ना वापरणाऱ्याला ठरवता येत होते. त्याच्या हाती असे ती वॅटमध्ये मोजली जाणारी विद्युतशक्ती, म्हणजे तारेला दर सेकंदाला किती ऊर्जा पुरवायची एवढेच. त्या ऊर्जेने तार किती तापेल हे वातीतला ओलावा, झुरक्याचा जोर आणि हवेचा झोत यांवर सोडलेले असे. तापमान-नियंत्रण, वापरणाऱ्यांच्या बोलीत ‘टीसी’, ही व्यवस्था ही उणीव भरून काढण्यासाठी आली. मात्र तिच्यातही तापमापी नाही. पडद्यावर झळकणारा २०० किंवा २२० अंशांचा आकडा थेट मोजलेला नसून तारेच्या विद्युत रोधावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि ही पद्धत नव्याने हाताळणाऱ्यांच्या बहुतेक चुका एवढा एक भेद ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

तापमानाला आवर घालण्याची गरज का पडली, हे द्रवाच्या घडणीवरून कळते. या द्रवात प्रामुख्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन हे दोन पदार्थ असतात, आणि त्यांत निकोटीन व स्वादद्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळलेली असतात. पहिल्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सियस, दुसऱ्याचा २९० अंश. त्यामुळे मिश्रण कोणत्या तापमानाला उकळेल हे दोहोंच्या प्रमाणावर ठरते आणि ग्लिसरीन जितके अधिक तितके ते वर सरकते. वात ओली असेपर्यंत तारेची बरीचशी उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते व तापमान आपोआप आटोक्यात राहते. पातेल्यात पाणी असेतो त्याचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही आणि पाणी आटताच करपू लागतो, तसाच हा प्रकार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरनिराळ्या कॉइलची तापमाने थेट मोजली गेली, तेव्हा वातीतून द्रव मिळत असताना ती १४५ ते ३३४ अंशांच्या दरम्यान भरली, तर पूर्ण कोरड्या अवस्थेत ३२२ पासून थेट १००८ अंशांपर्यंत पोहोचली. तेच उपकरण, त्याच हातातले, केवळ वात सुकल्यामुळे धुके करणाऱ्या यंत्राचे छोट्या भट्टीत रूपांतर होऊ शकते, असा या आकड्यांचा अर्थ होतो.

कोरड्या वातीवर घेतलेल्या झुरक्याला वापरणारे ‘ड्राय हिट’ म्हणतात आणि त्याची जळकट, घसा खरवडणारी चव एकदा घेतलेला माणूस ती विसरत नाही. त्या चवीमागे रसायनशास्त्र आहे. अति तापल्यावर ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे रेणू तुटतात व त्यांतून फॉर्मल्डिहाइड आणि ॲसिटल्डिहाइड ही संयुगे तयार होतात. ग्लिसरीनमधून पाण्याचे रेणू निघून गेले की ॲक्रोलिन हे डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबणारे संयुगही जन्माला येते. उपकरण बाजूला ठेवून केवळ हे द्रव नियंत्रित भट्टीत तापवून पाहणाऱ्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पहिल्या दोन संयुगांचे लक्षणीय प्रमाण २१५ अंशांपासून पुढे आणि ॲक्रोलिनचे २७० अंशांपासून पुढे आढळले होते. त्याआधी, जानेवारी २०१५ मध्ये, अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक टिपण प्रसिद्ध केले, ज्यात ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड मोकळे करणारी संयुगे आढळली नाहीत, परंतु ५ व्होल्टवर ती ठळकपणे आढळली. ग्रीक हृदयविकारतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी असे दाखवले की संयुगांची इतकी मोठी प्रमाणे कोरड्या झुरक्याच्या स्थितीतच निर्माण होतात, आणि अशी चव कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही. वाद रंगला तो आरोग्याच्या अंगाने. परंतु अभियंत्याच्या दृष्टीने दोन्ही पक्ष एकच गोष्ट सांगत होते. व्होल्ट किंवा वॅट हा आकडा तारेच्या तापमानाविषयी पुरेसे काही सांगत नाही.

मग कॉइलमध्ये एखादी छोटी तापमापी बसवून का भागत नाही? कॉइलचा आकार काही मिलिमीटरचा, ती दर काही दिवसांनी बदलायची, तिच्याभोवती चिकट द्रव आणि मधून उष्ण हवेचा झोत. अशा जागी वेगळी संवेदक जोडणी टिकवणे महागडे आणि कटकटीचे ठरते. सुटका दोनशे वर्षांपूर्वीच्या भौतिकशास्त्रातून झाली. धातू तापला की त्यातून विद्युतधारा कष्टाने वाहते, म्हणजेच त्याचा रोध वाढतो, हे इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये नोंदवले होते; १८७१ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी या गुणाचा उपयोग करून प्लॅटिनमच्या तारेने तापमान मोजता येईल असे मांडले, आणि १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी ती कल्पना भरवशाच्या उपकरणात उतरवली. तार किती तापली हे तारेलाच विचारायचे, दुसऱ्या कुणाला विचारण्याची गरज नाही, असा हा मार्ग होता. एक अंश तापमान वाढल्यावर मूळ रोधाच्या किती पटीने रोध वाढतो, हे सांगणाऱ्या संख्येला रोधाचा तापमान गुणांक म्हणतात. टीसीच्या चर्चेत हीच संख्या वारंवार येते.

येथे एक गमतीदार अडचण होती. त्या काळच्या बहुतेक कॉइल कँथल या मिश्रधातूच्या असत. लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा स्वीडनमध्ये विकसित झालेला मिश्रधातू विद्युत भट्ट्यांत वापरला जातो, आणि तेथे त्याचा मोठा गुण म्हणजे कितीही तापला तरी त्याचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो. भट्टी बांधणाऱ्याला हवी असणारी ही स्थिरता तापमान जाणू पाहणाऱ्याला मात्र निरुपयोगी, कारण जी तार बदलतच नाही ती काही सांगतही नाही. निक्रोम या दुसऱ्या लोकप्रिय तारेची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. त्यामुळे तापमान-नियंत्रणाला आधी नव्या धातूच्या तारेची गरज पडली, आणि २०१४ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व्ह या कंपनीने ‘डीएनए ४०’ नावाचे नियंत्रक मंडल बाजारात आणले ते जवळपास शुद्ध निकेलच्या तारेवर विसंबून. त्यात तापमानाची मर्यादा २०० ते ६०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ९३ ते ३१५ अंश सेल्सियस, अशी ठरवता येत असे. पुढच्या काळात शेनझेनमधील उत्पादकांनीही अशी मंडले बनवली आणि निकेलच्या जोडीला टायटॅनियम व स्टेनलेस स्टीलच्या तारा आल्या.

या तीन धातूंतला फरक आकड्यांशिवाय नीट उमगत नाही. निकेलचा गुणांक अंदाजे ०.००६, टायटॅनियमचा ०.००३५ आणि ३१६एल या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा केवळ ०.०००९ च्या आसपास. वीस अंशांच्या खोलीत ०.१२ ओहम रोध असलेली निकेलची कॉइल २२० अंशांवर गेली की तिचा रोध ०.२६४ ओहम होतो, म्हणजे दुपटीहून अधिक; तर त्याच खोलीत ०.५ ओहम असलेली स्टीलची कॉइल २२० अंशांवर जेमतेम ०.५९ ओहमपर्यंत पोहोचते. निकेल तापल्याचे मोठ्याने ओरडून सांगते आणि स्टील पुटपुटते, म्हणून सुरुवातीच्या मंडलांना निकेल सोयीचे वाटले. परंतु निकेलच्या तारेत इतर दोष आहेत: ती मऊ असते, वेटोळे सहज बिघडते, रोध इतका कमी असतो की स्क्रूच्या सैल जोडणीतला एखादा शतांश ओहमही जाणवण्याजोगा फरक करतो, आणि निकेलची ॲलर्जी ही मुळात बऱ्यापैकी आढळणारी तक्रार आहे. टायटॅनियम कोरडे असताना लाल होईपर्यंत तापवले तर त्यावर पांढुरका ऑक्साइडचा थर जमतो, त्यामुळे कॉइल साफ करण्याची कँथलवर चालणारी ही जुनी रीत या दोन्ही धातूंना वर्ज्य मानली जाते. स्टील पुटपुटत असले तरी हाताळायला सोपे, आणि तापमान-नियंत्रण बंद करून साध्या वॅट पद्धतीनेही वापरता येणारे. मंडलांचे मोजमाप सूक्ष्म होत गेले तसे तेच पुढे आले. नवख्याने स्टीलपासून सुरुवात करावी हा रुळलेला सल्ला सोयीवर उभा आहे, पण सोय म्हणजे अचूकता नव्हे. अर्ध्या ओहमच्या स्टील कॉइलमध्ये जोडणीचा रोध ०.०१ ओहमने बदलला, तर उपकरणाचा अंदाज तब्बल २२ अंशांनी चुकतो.

उपकरणाला धातू कोणता हे सांगावे लागते आणि तेथे केलेली चूक साधी नसते. समजा, स्टीलची कॉइल बसवली, पण मेनूतली निवड निकेलवर राहिली. उपकरण २२० अंशांसाठी रोध मूळच्या २.२ पट होण्याची वाट पाहील. स्टीलचा रोध इतका वाढायला त्याला गणिताने तेराशे अंशांहून अधिक तापावे लागेल, म्हणजे मर्यादा कधीच लागू होणार नाही आणि नियंत्रण चालू असल्याच्या भ्रमात वात जळून जाईल. उलट निकेलची कॉइल आणि निवड स्टीलची असेल, तर तार अवघ्या पन्नास अंशांवर असतानाच उपकरण मर्यादा गाठल्याचे समजून वीज रोखेल आणि वाफच येणार नाही. दुसरी चूक त्रास देते, पहिली धोका देते. आणि दुर्दैवाने ज्या चुकीत भरपूर वाफ येते तिची शंका कोणाला येत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे थंड रोध. वाढ मोजायची तर ती कशापासून मोजायची हे ठाऊक हवे. म्हणून नवी कॉइल बसवल्यावर उपकरण तिचा रोध टिपून ठेवते आणि त्या क्षणी कॉइल खोलीच्या तापमानाला, बहुधा २० अंशांच्या आसपास, आहे असे गृहीत धरते. ही टिपणी कॉइल खरोखर निवलेली असतानाच व्हायला हवी आणि मग तो आकडा ‘लॉक’ करायला हवा, म्हणजे वापराच्या मध्येच उपकरण नवे मोजमाप करून आधार बदलणार नाही. वर सांगितलेली अर्ध्या ओहमची स्टील कॉइल नुकतीच वापरल्याने ६० अंशांवर असताना टिपली गेली, तर आधार ०.५१८ ओहम ठरतो. त्यावर २२० अंशांसाठी हवा असलेला रोध ०.६११ ओहम येतो, आणि तो गाठताना तारेचे खरे तापमान २६७ अंश झालेले असते. पडद्यावर मात्र २२० च दिसते. निकेलमध्ये हीच चूक ८८ अंशांची होते, कारण गुणांक जितका मोठा तितकी आधारातली चूकही फुगते. दुबईच्या उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत कॉइल बदलणाऱ्याच्या वाट्याला हा दोष लहान प्रमाणात आपोआप येतो.

कॉइल घडवताना घ्यायची काळजीही याच तत्त्वातून निघते. वेटोळे एकमेकांना टेकले, तर विद्युतधारा कधी तारेच्या पूर्ण लांबीतून तर कधी आडवाटेने जाते आणि रोध डळमळतो. कँथलवर तापवून आणलेला ऑक्साइडचा थर वेटोळ्यांमध्ये आडपडद्यासारखे काम करतो, परंतु निकेलमध्ये ती सोय नसल्याने वेटोळी सुटी, मध्ये फट ठेवून गुंडाळतात. स्क्रू घट्ट असावेत, टाकीच्या तळाचा आणि उपकरणाच्या माथ्याचा स्पर्शबिंदू पुसून कोरडा ठेवावा. वापरणाऱ्यांमध्ये रूढ असलेली एक चाचणी मात्र मोजमापाच्या दृष्टीने खरोखर देखणी आहे. कॉइलमध्ये द्रव न घालता कोरा कापूस ओवायचा, मर्यादा कमी ठेवून थोडा वेळ वीज द्यायची आणि कापूस काढून पाहायचा. पांढरा असेल तर मर्यादा थोडी वाढवून पुन्हा पाहायचे, आणि तपकिरी डाग उमटू लागला की नियंत्रणाचा खरा कडेलोट कोठे आहे हे कळते. दोनशे अंशांच्या पुढे कोरडा कापूस तपकिरी पडू लागतो, त्यामुळे पडद्यावर १८० असतानाच डाग पडला तर धातूची निवड किंवा थंड रोध यांपैकी काहीतरी चुकले आहे, असे समजावे.

सर्व जुळल्यावर दोन आकडे उरतात आणि त्यांची गल्लत फार होते. वॅट म्हणजे तार मर्यादेपर्यंत किती वेगाने पोहोचेल, आणि तापमान म्हणजे ती कोठे थांबेल. बटण दाबताच उपकरण पूर्ण वॅट देते, रोध अपेक्षित आकड्याजवळ येताच वीज तोडून-जोडून कमी करते आणि पडद्यावर मर्यादा लागू झाल्याची सूचना देते. वात ओली असेल तर ही सूचना उशिरा किंवा मुळीच येत नाही, सुकू लागली की वारंवार येते आणि वाफ विरळ होत जाते. या विरळपणाला बिघाड मानून वॅट वाढवत नेणारे बरेच असतात, वास्तविक टाकीत द्रव संपल्याचा तो निरोप असतो. १८० ते २०० अंशांपासून सुरू करून पाच-पाच अंशांनी वर जाण्याची रीत यासाठीच पडली, आणि २१५ अंशांविषयी वर आलेले निरीक्षण ध्यानात घेता फार वर जाण्याचे कारणही नाही. फॅरेनहाइट आणि सेल्सियस यांचीही खातरी करून घेतलेली बरी.

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या मुळातच आहेत. रोध संपूर्ण तारेचा एकत्रित मोजला जातो, म्हणून निष्कर्षही सरासरी तापमानाचाच निघतो. वातीचा एक कोपरा सुकून तेथील वेटोळे तीनशे अंशांवर गेले आणि बाकीची ओली असली, तर उपकरणाला ते कळत नाही. याहून मोठी मर्यादा ही, की तापमान कितीही काटेकोर राखले तरी द्रवात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथ उद्भवली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले वा मरण पावले आणि त्यांतल्या ६८ मृत्यूंवर शिक्कामोर्तब झाले. तिच्या मुळाशी प्रामुख्याने गांजातील टीएचसी या घटकाच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट असल्याचे निष्पन्न झाले. निकोटीनचे व्यसन तर तापमान आटोक्यात ठेवूनही जडते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी हे साधन सिगारेटपेक्षा कमी घातक मानले आहे, निरुपद्रवी मानलेले नाही, आणि न ओढणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असेच ती सांगते. तेथे निकोटीनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आणि टाकीची क्षमता दोन मिलिलिटर यांपलीकडे जाता येत नाही. भारताने वेगळा मार्ग धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायद्याने या वस्तूंचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली. उत्पादन, आयात वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. परदेशात घेतलेले उपकरण मुंबई किंवा मोपा विमानतळावरून आत आणणे हीदेखील आयातच ठरते.

तापमान-नियंत्रणाचा बहर फार वर्षे टिकला नाही. काही वर्षांतच तारेच्या वेटोळ्याची जागा बारीक छिद्रे पाडलेल्या धातूच्या पत्र्याने, म्हणजे मेश कॉइलने, घेऊ लागली. पत्रा वातीला सर्व बाजूंनी सारखा टेकत असल्याने एका कोपऱ्यात करपण्याची शक्यता घटली आणि अंश ठरवत बसण्याची बऱ्याच जणांची निकडही. त्यानंतर आले आयते भरलेले, मेनूच नसलेले छोटे नमुने आणि वापरून फेकून द्यायची उपकरणे, ज्यांच्या विक्रीवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी आणली. स्वतः तार गुंडाळणाऱ्यांचा गट आता आटला असून धातू, गुणांक आणि थंड रोध यांची चर्चा त्याच्यापुरतीच उरली आहे.